शेत एकाचं, सरासरी काउंटीची

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 99 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. या मक्याच्या मुलखात दोन काउंट्यांची हद्द म्हणजे कित्येकदा एखादा सरळसोट खडीचा रस्ता. अलीकडे मका, पलीकडेही मका. माती तीच, पाऊस तोच. तरीही एखाद्या ऑक्टोबरात अलीकडच्या शेतकऱ्याच्या खात्यात सरकारी मदत जमा होते आणि पलीकडच्याला छदामही मिळत नाही. यात कुणाची लबाडी नसते. हिशेबच तसा आहे.

2014 च्या शेती कायद्यानं ठोक एकरी अनुदान बंद केलं आणि शेतकऱ्यापुढे दोन योजना ठेवल्या. एकीत बाजारभाव ठरलेल्या पातळीखाली गेला की फरक मिळतो. दुसरीत काउंटीचं एकरी उत्पन्न घसरावं लागतं, आणि खरी मेख इथंच आहे. मागच्या पाच वर्षांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढतात. उताऱ्याची वेगळी, भावाची वेगळी. समजा, सरासरी उतारा एकरी 180 बुशेल आला (मक्याचा बुशेल साधारण 25 किलोंचा) आणि भाव 4 डॉलर. झाले 720 डॉलर. 2025 च्या कायद्यानं या रकमेची हमी 86 वरून 90 टक्क्यांवर नेली, म्हणजे 648 डॉलर. एखाद्या हंगामात काउंटीचं उत्पन्न 600 डॉलरांवर घसरलं, तर फरक 48 डॉलरांचा. तोही पेरलेल्या सगळ्या एकरांवर नाही. जुन्या पेरण्यांवरून त्या जमिनीच्या नावे दप्तरात जितके एकर नोंदलेले असतील, त्यांच्या 85 टक्क्यांवर. आणि पैसे हातात पडतात ते मका काढल्यानंतर वर्षभरानं.

या सगळ्या गणितात शेतकऱ्याचं स्वतःचं पीक कुठंच येत नाही. त्याचा मका बुडाला पण काउंटीचा साधला, तर या योजनेतून त्याला काही नाही. त्यासाठी वेगळा पीकविमा काढावा लागतो. स्वतःच्या शेताचा हिशेब धरणारा एक पर्याय आहे, पण त्यात 85 ऐवजी 65 टक्केच एकर धरतात.

मला सर्वांत खुपतं ते पुढचं. आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन दुसऱ्यानं कसलेली असते. रोख खंडाच्या जमिनीवर मदत कसणाऱ्याच्याच नावे निघते. पण ती येणार हे मालकालाही ठाऊक असतं, आणि पुढच्या वर्षीचा खंड ठरवताना ती त्यात धरली जाते. पैसा घाम गाळणाऱ्याच्या खात्यातून फिरून जमीनदाराकडे जातो. अशा मदतीला मी शेतकऱ्याची मदत म्हणणार नाही.

सरासरीचं हे दुखणं आपल्यालाही नवं नाही. महाराष्ट्रात पीकविम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. 2025 च्या खरिपापासून एक रुपयातला विमा गेला आणि भरपाईची मुख्य भिस्त पीककापणी प्रयोगावर आली. मोजक्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढंच पीक कापून, मळून वजन करतात आणि त्यावरून अख्ख्या मंडळाचा निकाल लागतो. म्हणून गावात प्रयोग कुठल्या गटात, कुठल्या दिवशी आहे हे सहायक कृषी अधिकाऱ्याला आधीच विचारून ठेवा. तो दुसऱ्याच्या शेतात असला तरी जा, आणि वजन होताना काट्याजवळ उभे राहा.