नव्वद कोटींपर्यंत खरं, तरीही खोटं

“सर, एक लाखापर्यंत प्रोग्रॅम चालवून बघितला, सगळीकडे बरोबर येतंय. मग नियम खराच ना?” संशोधनाच्या सुरुवातीला हा प्रश्न बहुतेकांच्या तोंडी येतो. उत्तरादाखल एकच संख्या लक्षात ठेवा: ९०,६१,५०,२५७.

आधी नियम समजून घेऊ. कोणतीही संख्या घ्या आणि तिचे मूळ अवयव मोजा. अवयव पुन्हा आला तर पुन्हा मोजायचा. १२ = २ × २ × ३, म्हणजे तीन अवयव; १२ गेली ‘विषम’ गटात. १० = २ × ५, दोन अवयव; ती ‘सम’ गटात. १ ला मूळ अवयव शून्य, म्हणून तीही सम गटात.

आता ८ पर्यंत करून बघा. सम गटात १, ४, ६ आणि विषम गटात २, ३, ५, ७, ८. दहापर्यंत गेलात तर पाच-पाच, बरोबरी. १९१९ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी अटकळ मांडली: २ पासून पुढे कुठेही थांबा, सम गट विषम गटापेक्षा मोठा झालेला दिसणार नाही. ही अटकळ खरी असती तर रीमानचं प्रसिद्ध गृहीतकही त्यातून सिद्ध झालं असतं. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

१९५८ मध्ये हॅसेलग्रोव्ह यांनी ती खोटी ठरवली. गंमत म्हणजे, ती नेमकी कुठे मोडते ते त्यांनी दाखवलंच नाही! रीमानच्या झीटा फलनाच्या शून्यांची आकडेमोड करून ती कुठेतरी मोडतेच, एवढं त्यांनी सिद्ध केलं. प्रत्यक्ष उदाहरण १९६० मध्ये लेहमन यांनी दिलं: ९०,६१,८०,३५९. आणि सर्वांत लहान उदाहरण १९८० मध्ये तानाका यांना सापडलं, तीच आपली ९०,६१,५०,२५७.

आता जरा डोकं चालवू. ही संख्या मूळ आहे का? अवयव न पाडता सांगता येतं. प्रत्येक पायरीवर कुठल्यातरी एकाच गटात एकाची भर पडते. सम गट इथे पहिल्यांदा पुढे गेला, म्हणजे आधीच्या संख्येपर्यंत बरोबरी असणार: दोन्हीकडे ४५,३०,७५,१२८. आणि नवी भर सम गटातच पडली. म्हणजे हिच्या मूळ अवयवांची संख्या सम आहे. मूळ संख्येला एकच मूळ अवयव असतो. म्हणून ही मूळ संख्या नाही!

यातून दोन गोष्टी घ्या. तपासणी वाया जात नाही. अटकळ सुचते ती तिच्यातूनच. पण प्रबंधात “एक लाखापर्यंत तपासलं” आणि “सिद्ध केलं” ही वाक्यं वेगळीच ठेवा. नव्वद कोटींपर्यंत टिकलेला नियमही पुढच्या एका संख्येवर पडू शकतो.