शेडातला रात्रीचा बल्ब

गिऱ्हाईक येतं, गोणपाट वर करून वाफ्यात डोकावतं आणि हमखास विचारतं, "काका, गांडुळं देशीच आहेत ना? विदेशी आपल्याला नको." मी नुसती मान हलवतो. ती हो म्हणाली की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता सांगूनच टाकतो. हर्सूलच्या माझ्या पत्र्याच्या शेडात दोनच जाती आहेत. तांबडी, पट्टेदार आयसेनिया फेटिडा मूळची युरोपची. जांभळट चमकीची, लांबलचक युड्रिलस युजेनी आफ्रिकेची. अस्सल देशी लॅम्पिटो मॉरिटी शेडाबाहेर, बांधाच्या ओल्या मातीत राहतं, आणि गंमत म्हणजे मॉरिशस आहे ते त्याच्या नावात! पण किलोवर विकण्याइतकं ते शेणात भराभर वाढत नाही.

शेडात रात्रभर बल्ब का, असंही लोक विचारतात. गांडुळाला डोळे नसतात, पण उजेड कातडीला कळतो आणि नकोसा वाटतो. पावसाळी रात्री आफ्रिकन मंडळी वाफा सोडून चालू लागतात, त्यांना अडवणारा शिपाई म्हणजे हा बल्ब. एका जूनमध्ये वादळ झालं आणि वीज गेली. पहाटे पाहतो तर भिंतीवर, पत्र्याच्या पन्हाळीत, दारातल्या माझ्या चपलेतसुद्धा गांडुळांचे गुंते! शेजारच्या कोंबड्यांची दिवाळी झाली, माझा अर्धा माल गेला.

पळालेली आजूबाजूच्या रानाचं काही बिघडवतील, अशी धास्ती मला कधी वाटली नाही. ही जात शेणात, पाचोळ्यात राहणारी. मे महिन्यात आपल्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथं ती कुठली तगते! देशी गांडूळ मात्र खोल जाऊन वेटोळं करून झोपतं. कपाशीत सोडायला माल नेलेले शेतकरी दुसऱ्या वर्षी विचारतात, "काका, गेली कुठं?"

मला हलवलं ते भाच्याच्या फोननं. तो मिनेसोटात असतो. तळ्यावर गळ टाकायला गेला, तर तिथला सरकारी सल्ला असा, की उरलेली गांडुळं जंगलात टाकू नका, कचऱ्यात टाका. "मामा, इथं तुमच्या देवालाच हद्दपार केलंय!"

कारण ऐकलं आणि गप्प झालो. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बर्फ मागे हटलं, तेव्हापासून त्या जंगलात गांडूळच नव्हतं. ते युरोपीय लोकांबरोबर, रोपांच्या मातीतून आलं आणि पुढं गळाच्या डब्यांतून पसरलं. तिथला पाचोळा बुरशीच्या हातून सावकाश कुजायचा, त्या जाड गादीत मेपलचं बी रुजायचं. गांडुळांनी काही वर्षांतच गादी फस्त केली, तिचा कस खालच्या मातीत कालवला. एरवी झाडांना थोडाथोडा मिळणारा नत्र आणि स्फुरद एकदम मोकळा होऊन पावसाबरोबर झिरपून जाऊ लागला. गादीतली बारीक मुळं उघडी पडली, नेचे विरळ झाले. ही आघाडी वर्षाला जेमतेम पाच-दहा मीटर सरकते, म्हणून सहज कुणाच्या नजरेत येत नाही.

आपल्याकडेही दक्षिण अमेरिकेतलं पॉन्टोस्कोलेक्स सह्याद्रीतल्या मळ्यांत ठाण मांडून आहे. ते आमच्यासारख्यांच्या शेडातून गेलेलं नाही. रोपं इकडून तिकडं नेताना मुळाशी मातीचा गड्डा ठेवतात ना, त्यातून हिंडत जगभर गेलं.

यंदा मृगाआधी इन्व्हर्टर बसवला. बल्ब आता विझत नाही. गल्लीतल्या लोकांना वाटतं, काकांनी चोरांचा धसका घेतलाय.