गेटवे नसलेला ताज

मुंबई बघून आलेल्या बऱ्याच लोकांच्या घरांत एक फोटो हमखास असतो. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या तिथल्या फोटोग्राफरने गेटवे ऑफ इंडियापाशी उभे करून काढलेला आणि जागेवरच हातात दिलेला. माणसांच्या खांद्याआडून ताजमहाल हॉटेलचा घुमट डोकावत असतो.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे फोटो पाहिले की मात्र चुकल्यासारखे होते. समुद्राकडून टिपलेल्या त्या फोटोंत गेटवेच नाही. अपोलो बंदराचा, म्हणजे कोळ्यांच्या पालव्याचा धक्का आणि मागे एकटा ताज. गेटवेची कोनशिला हॉटेलनंतर काही वर्षांनी बसली. समुद्रात भराव टाकण्यात काही वर्षे गेली आणि उद्घाटनाला ४ डिसेंबर १९२४ उजाडला. ताजच्या शेजारचा उंच टॉवर तर थेट सत्तरच्या दशकातला.

या जुन्या फोटोंत इमारतीची समुद्राकडची बाजू मोकळेपणी दिसते. ओळीने खिडक्या आणि गॅलऱ्या, कोपऱ्यांवर गोल बुरूज, त्यांवर छोटे घुमट, मधोमध मोठा तांबडा घुमट. मुख्य दरवाजा मात्र मागे, शहराच्या अंगाला होता; आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. घोडागाड्या तिकडून येत. समुद्राची बाजू राखली ती खोल्यांसाठी, वारा आत खेळावा म्हणून.

एवढ्यावरून लोकांनी कथा रचली: नकाशा उलटा वाचला गेला, हॉटेल पाठमोरे बांधले गेले, ते बघून वास्तुविशारदाने जीव दिला. ही कथा मला फार लागते. तो वास्तुविशारद आपला मराठी माणूस होता, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. बोरीबंदर स्टेशनची इमारत उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. ताजचा आराखडा त्यांनी डी. एन. मिर्झा यांच्यासोबत केला. १९०० साली वैद्य वारले, तेव्हा इमारत अर्धवट होती. ती डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरी केली आणि १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल सुरू झाले. ज्याला आपली इमारत पुरी झालेली बघायलाही मिळाली नाही, त्याच्या माथी लोकांनी चूकही मारली आणि आत्महत्याही.

पहिल्या महायुद्धात या हॉटेलचे इस्पितळ झाले. २००८ च्या नोव्हेंबरातल्या दहशतवादी हल्ल्यात त्याच तांबड्या घुमटाभोवती धूर दाटलेला साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला. आत ३१ माणसे गेली. डागडुजी करून जुना भाग १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडला, आणि वैद्यांनी योजलेली समुद्राकडची बाजू होती तशीच राखली गेली.

असा जुना फोटो कुठेही छापताना खाली हॉटेल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांचे नाव येते, ते योग्यच आहे. त्याच ओळीत सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ही दोन नावेही छापली पाहिजेत.