पायातील बळी : लोककथांमधील एका जागतिक कल्पनाबंधाचा विचार

प्रस्तावना

श्रावणात महाराष्ट्रातील घराघरांतून वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांमध्ये शिळासप्तमीची कहाणी आहे. राजाने गाव वसविले, तळे खणले. परंतु तळ्याला पाणी लागेना. जलदेवतांनी सुनेच्या वडील मुलाचा बळी मागितला. राजाला दुःख झाले, तरी प्रजेच्या पाण्यासाठी त्याने ते मान्य केले. अडचण उरली ती सुनेची. तेव्हा तिला माहेरी पाठविण्यात आले. आणि ती दूर असताना न्हाऊमाखू घालून, जेवू घालून, दागिने घालून पलंगावर निजविलेले मूल पलंगासह तळ्यात ठेवण्यात आले. तळे तुडुंब भरले. पुढे भावासह सासरी परतताना सुनेने तळ्याकाठी वसा केला, देवीची प्रार्थना केली आणि पाण्यातून तिचा मुलगा तिला परत मिळाला.

या कहाणीकडे व्रतकथा म्हणूनच पाहण्याची सवय असल्यामुळे तिचे दूरदूरचे सगेसोयरे सहसा लक्षात येत नाहीत. एखादी मोठी वास्तू, पूल, किल्ला, मठ किंवा जलाशय जिवंत माणसाचा बळी घेतल्याशिवाय सिद्धीस जात नाही, ही कल्पना युरोपातील बाल्कन प्रदेशापासून जपानपर्यंतच्या लोकपरंपरांत आढळते. स्टिथ थॉम्प्सन यांच्या कल्पनाबंध-सूचीत तिला ‘एस २६१’ असा स्वतंत्र क्रमांक आहे. या कथांतील देवता, वास्तू आणि प्रदेश बदलतात. बळी कोणाचा जातो आणि तो कसा निवडला जातो, यांत मात्र विलक्षण सातत्य दिसते. प्रस्तुत लेखात या सातत्याचाच विचार केला आहे.

बाल्कन प्रदेशातील कथागीते

या कल्पनाबंधाचा सर्वाधिक अभ्यास झाला तो बाल्कन प्रदेशात. वुक कराजिच यांनी संग्रहित केलेल्या ‘स्कदरची उभारणी’ या सर्बियन कथागीतात वुकाशिन, उग्ल्येशा आणि गोयको हे तीन भाऊ बोयाना नदीकाठी किल्ला बांधीत आहेत. तीनशे गवंडी तीन वर्षे राबतात. परंतु दिवसा बांधलेले रात्री ‘वीला’ नावाची वनदेवता पाडून टाकते. अखेर ती सांगते, की उद्या तिघांपैकी ज्याची पत्नी गवंड्यांचे जेवण घेऊन येईल तिला पायात चिणावे. घरी कोणीही याची वाच्यता करायची नाही, अशी शपथ तिघे भाऊ घेतात. दोघे थोरले ती मोडतात आणि आपापल्या बायकांना सावध करतात. धाकटा गोयको तेवढा शब्द पाळतो.

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग कोणत्याही एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात घडावा असा आहे. थोरल्या जावेचे डोके दुखते, मधलीचा हात दुखतो. आज जेवण तूच ने, असे दोघीही धाकटीला सांगतात. मुलाला न्हाऊ घालायचे आहे, कपडे धुवायचे आहेत, अशी सबब ती पुढे करते. तीही कामे जावा आपल्या अंगावर घेतात. धाकटी निघते. गवंडी तिच्याभोवती दगड रचू लागतात तेव्हा तिला ती थट्टा वाटते आणि ती हसते. भिंत वर चढल्यावर तिला सत्य उमगते. मग ती एवढेच मागते, की तान्ह्या योवानला पाजण्यासाठी स्तनांपाशी आणि त्याला येताजाताना पाहण्यासाठी डोळ्यांपाशी एक एक झरोका ठेवावा.

याकोब ग्रिम यांना हे गीत इतके श्रेष्ठ वाटले, की त्यांनी १८२४ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद महाकवी गटे यांच्याकडे पाठविला. गटे यांना मात्र त्यातील नरबळी रानटी वाटला. ग्रिम यांनी झरोक्यातून पाहणारी आई पाहिली आणि गटे यांनी भिंत पाहिली, असे म्हणता येईल. गीतात दोन्ही आहेत.

स्कदर म्हणजेच अल्बानियातील श्कोदर. तेथील रोझाफा किल्ल्याविषयी अल्बानियन लोक हीच कथा आपली म्हणून सांगतात. तिच्यातही तीन भाऊ आहेत आणि दोघांनी मोडलेले वचन आहे. दिलेला शब्द, म्हणजे ‘बेसा’, हे अल्बानियन समाजातील सर्वोच्च मूल्य मानले जाते. त्यामुळे ही कथा तेथे वचनपालनाची कथा म्हणूनही सांगितली जाते. धाकट्याने वचन पाळले खरे, परंतु त्याची किंमत त्याच्या पत्नीने मोजली, ही गोष्ट त्या गौरवात बाजूला राहते.

रुमानियात हे कथागीत आर्जेशच्या मठाशी जोडलेले आहे. वासिले अलेक्सांद्री यांनी १८५२ मध्ये ते प्रसिद्ध केले. मुख्य गवंडी मानोले याला स्वप्नात आज्ञा होते आणि सकाळी त्याला दुरून आपली पत्नी आना जेवण घेऊन येताना दिसते. तिने परत फिरावे म्हणून तो ईश्वराकडे पाऊस मागतो, मग वारा मागतो. ती पावसावाऱ्यातूनही वाट काढीत येते, कारण नवरा उपाशी आहे. मठ पूर्ण झाल्यावर, आपण याहून सुंदर वास्तू बांधू शकतो, असे गवंडी फुशारकीने बोलतात. तेव्हा राजा शिडीपरांची काढून घेऊन त्यांना छपरावरच अडकवितो. लाकडी पंख लावून ते उड्या घेतात आणि मरतात. वास्तविक हा मठ नेयागोए बसाराब या राजाने बांधविला आणि १५१७ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली.

ग्रीसमधील आर्ता येथील पुलाच्या गीतात पंचेचाळीस कारागीर आणि साठ शागीर्द आहेत. मुख्य कारागिराच्या पत्नीचा बळी हवा, असे एक पक्षी मानवी वाणीने सांगतो. कारागीर त्याच पक्ष्याकरवी पत्नीला ‘सावकाश ये’ असा निरोप धाडतो. पक्षी तो ‘लवकर ये’ असा पोहोचवितो. ती आल्यावर, अंगठी खाली पडली आहे, असे सांगून तिला खड्ड्यात उतरविले जाते. पूल पानासारखा थरथरो, असा शाप ती देते. परंतु परदेशी गेलेला तिचा भाऊ कधीतरी याच पुलावरून येईल, याची आठवण करून दिल्यावर ती शाप मागे घेते. ज्यांनी तिला फसविले त्यांच्यासाठी तिचे मन द्रवत नाही. माहेरच्या माणसासाठी द्रवते. शिळासप्तमीच्या कहाणीत सून भावासह परतते, तेथेही माहेरचा हा धागा आहेच.

भागीरथी

युरोपीय अभ्यासकांनी या कथेचे मूळ ग्रीक, सर्बियन की रुमानियन, यावर दीर्घकाळ वाद घातला. हंगेरीत देवा किल्ल्याच्या बारा गवंड्यांचे गीत १८६३ च्या ‘वाद्रोझाक’ या संग्रहात छापले गेले, तेव्हा ते रुमानियन गीतावरून उचलल्याचा आरोपही झाला. अॅलन डंडेस यांनी १९९५ च्या सुमारास भारतीय कथागीतांकडे लक्ष वेधून, या राष्ट्राभिमानी वादांची दृष्टी किती संकुचित होती हे दाखविले. त्या भारतीय गीतांत कन्नडमधील ‘केरेगे हार’ अग्रगण्य आहे.

कल्लनकेरीचा मल्लनगौडा तळे खणवितो, पण त्याला पाणी लागत नाही. थोरली किंवा धाकटी सून द्यावी, असे ज्योतिषी सांगतो. थोरलीवर घराचा भार असल्याने धाकट्या भागीरथीवर पाळी येते. तिचा पती महादेवराय लष्करात दूर आहे. भागीरथी या बाबतीत बाल्कन स्त्रियांहून वेगळी आहे. काय होणार हे तिला ठाऊक असते. ती माहेरी जाते. डोळ्यांत पाणी का, असे वडील विचारतात तेव्हा, सासरचे वेगळे काढू पाहतात, असे ती सांगते. वडील जमीन, दागिने देऊ करतात. तिचे दुःख त्यांना समजत नाही, कारण ती ते सांगत नाही. खरे सांगते ते केवळ मैत्रिणीला. आणि मैत्रीण, सासरचे ठेवतील तसे राहावे, असा सल्ला देते. परतल्यावर कुटुंब गंगापूजेला तळ्यावर जाते, जेवणे होतात, आणि सोन्याची वाटी ‘विसरते’. थोरल्या सुना जायला नकार देतात. भागीरथी जाते. एकेका पायरीबरोबर पाणी पावलांना, गुडघ्यांना, कमरेला, छातीला लागते. परतलेल्या महादेवरायाला कोणीही सत्य सांगत नाही. ते उमगल्यावर तोही तळ्यात उडी घेतो.

या गीतात कोणीही तिला ढकलत नाही, हे त्याचे खरे भीषणत्व होय. वाटी विसरणे हा कुटुंबाने मिळून पाळलेला शिष्टाचार आहे.

मीमांसा

मिर्चा एलिआदे यांनी १९४३ मध्ये मानोलेच्या कथेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वास्तू टिकण्यासाठी तिला प्राण लागतो आणि बळीच्या रूपाने तो तिच्यात संक्रमित होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बळी का हवा, याचे उत्तर या सिद्धांतातून मिळते. बहुतेक वेळा धाकटी सूनच का, याचे मिळत नाही. डंडेस यांच्या मते चिणलेली पत्नी हे विवाहसंस्थेचेच रूपक आहे. हे मत अधिक पटण्यासारखे असले तरी ज्या कथांत बळी पुरुष किंवा बालक आहे त्यांना ते लागू पडत नाही.

अशा कथा तपासल्या असता एक वेगळी गोष्ट लक्षात येते. जपानच्या ‘निहोन शोकी’ या ७२० सालच्या इतिहासग्रंथात सम्राट निन्तोकू याच्या काळातील मामुता बंधाऱ्याची हकीकत आहे. बंधारा दोन ठिकाणी सतत फुटत असे. सम्राटाला स्वप्नात दोन माणसांची नावे सांगितली गेली. पहिला रडतरडत पाण्यात गेला. दुसऱ्याने, कोरोमो-नो-को याने, दोन पोकळ भोपळे नदीत टाकले आणि म्हटले, की नदीदेवतेला खरोखरच मी हवा असेन तर तिने हे बुडवून दाखवावेत. भोपळे तरंगत निघून गेले. तो जिवंत राहिला आणि बंधाराही पूर्ण झाला. नवव्या शतकातील ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथात वेल्समधील किल्ल्यासाठी आणलेला बिनबापाचा मुलगा, या जमिनीखाली काय आहे, असे राजाच्या विद्वानांनाच विचारतो. त्यांना सांगता येत नाही. खणल्यावर तळे आणि त्यात झुंजणारे दोन नागसर्प सापडतात, आणि मुलगा सुटतो.

ज्यांना आधी कळले, किंवा ज्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, ते वाचले. थोरल्या जावांना कळले होते. कोरोमो-नो-को याला विचारता आले. धाकटी सून, झोपलेले मूल आणि माहेरी धाडलेली आई यांना ना माहिती मिळाली, ना अवकाश. भागीरथीला माहिती होती, पण ती सांगण्याजोगे कोणी नव्हते. दैवी मागणी एकदाच होते. तिची वाटणी मात्र माणसे करतात, आणि घरातील व गावातील उतरंडीप्रमाणे ती खाली खाली सरकत जाते.

पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा या दृष्टीने बोलकी आहे. बहामनी काळात बांधताना हा बुरूज सारखा ढासळत होता. ज्येष्ठ पुत्र आणि सून यांचा बळी हवा, असा दृष्टान्त झाला. ही मागणी वरून खाली येत बहिरनाक सोननाक या महार गृहस्थापर्यंत पोहोचली. त्याचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना बुरुजात गाडले गेले, असे सांगतात. गुजरातमध्ये पाटणच्या सहस्रलिंग तलावासाठी बळी गेलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील वीर मायाची कथाही अशीच आहे. तिचे वैशिष्ट्य असे, की मरणापूर्वी तो राजा सिद्धराज जयसिंहाकडे आपल्या समाजावर लादलेली अपमानाची चिन्हे, गळ्यातील मडके आणि पाठीमागचा झाडू, काढून टाकण्याची मागणी करतो. या परंपरेत ज्यांनी बळी दिला त्यांचेच वारस ती कथा सांगतात, आणि म्हणून ती मागणीची कथा झाली आहे.

कथा आणि वास्तव

दंतकथा हा घटनेचा पुरावा नव्हे. तथापि प्रथा सर्वस्वी काल्पनिक होती, असेही म्हणता येत नाही. दक्षिण कोरियातील ग्योंगजू येथील वोलसोंग राजवाड्याच्या तटबंदीखाली सापडलेले दोन मानवी सांगाडे २०१७ मध्ये जाहीर करण्यात आले. २०२१ मध्ये जवळच एका स्त्रीचा सांगाडा मिळाला. पुरातत्त्वज्ञांनी ते पायातील बळी मानले आहेत.

उलट दिशेनेही, म्हणजे कथेकडून घटनेकडे, प्रवास होऊ शकतो. अल्बानियन कादंबरीकार इस्माइल कादारे यांनी ‘तीन कमानींचा पूल’ (१९७८) या कादंबरीत हेच सूत्र घेतले. तेथे पूल बांधणारे लोक आधी गावात जुने गीत पसरवू देतात, आणि नंतर कमानीत चिणलेला मृतदेह हा खून न वाटता परंपरा वाटू लागतो.

कादंबरीतील ही शंका अतिशयोक्त वाटेल, परंतु जुलै २०१९ मध्ये बांगलादेशात पद्मा नदीवरील पुलासाठी माणसांची, विशेषतः लहान मुलांची, मुंडकी हवी आहेत, अशी अफवा समाजमाध्यमांतून पसरली. प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना तिचा जाहीर इन्कार करावा लागला. मुले पळविणारे समजून जमावाने अनेक निरपराध लोकांना मारहाण केली आणि त्यांपैकी काही मृत्युमुखी पडले. त्यांत ढाक्यातील एका शाळेत आपल्या मुलीच्या प्रवेशाची चौकशी करण्यास गेलेली एक आई होती. आपल्याविषयी बाहेर जमलेल्या लोकांनी काय ठरविले आहे, हे तिला ठाऊक नव्हते. पोलादी खांब नदीच्या तळात शंभर मीटरहून अधिक खोल ठोकून उभारलेला तो पूल २६ जून २०२२ रोजी वाहतुकीसाठी खुला झाला.