गाडी, पांढरे डाग आणि सुफेन पाणी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी, चेन्नईतील अंबत्तूरला गेलो होतो. शाळेत बूट आणि बेल्टचे बक्कल चमकवण्याची सवय लागलेली, म्हणून बाबांची काळी गाडी धुण्याचे काम मी आपणहून घेतले. भर दुपारी बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर बॉनेटभर पांढरे ठिपके! ओल्या कापडानेही ते जाईनात. बाबा म्हणाले, "इन्स्पेक्शनला असे बूट घालून उभा राहशील का?"

आमच्याकडे आंघोळीच्या पाण्यासाठी वॉटर सॉफ्टनर आहे. त्याचेच पाणी पाइपने गाडीला वापरू, असे मी सुचवले. बाबा म्हणाले, "आधी तपासून बघ."

मग मी दोन बाटल्यांत दोन्ही पाणी घेतले, साबणाचा कीस टाकून हलवले. बोअरच्या पाण्यात चोथा झाला, सॉफ्टनरच्या पाण्यात भरपूर फेस आला. पुस्तकातले 'दुष्फेन' आणि 'सुफेन' हे शब्द मला त्या दिवशी खरे कळले. नंतर दोन्ही पाण्यांचे थेंब काळ्या पत्र्यावर उन्हात वाळवले. गंमत म्हणजे डाग दोन्हींचे पडले! मात्र सॉफ्टनरच्या पाण्याचा डाग ओल्या कापडाने पटकन निघाला.

याचे कारण सोपे आहे. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. सॉफ्टनरमधील रेझिनचे मणी ते धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. म्हणजे क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात. टीडीएस मीटरवरचा आकडाही जवळपास तोच राहतो. सोडियमचे क्षार पाण्यात सहज विरघळतात, म्हणून ते पुसले जातात. कॅल्शियमचा थर मात्र घट्ट चिकटतो.

मग पाइप का जोडला नाही? मणी भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात आणि ते खारट पाणी गटारात जाते. जितके पाणी जास्त वापरू, तितक्या वेळा हे करावे लागते. शिवाय 2019 चा उन्हाळा आई अजून विसरलेली नाही. तेव्हा शहराचे तलाव आटले होते आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी विल्लिवाक्कमला आणले जात होते. विल्लिवाक्कम आमच्याच लोकल मार्गावर आहे. 2016 साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे आपल्याला आठवत असेलच.

म्हणून आम्ही ठरवले : गाडी सकाळी, सावलीत धुवायची. धूळ निघेपर्यंत बोअरचे पाणी, शॅम्पूला आणि शेवटी सॉफ्टनरचे, सगळे मिळून तीन बादल्या. पाणी वाळण्याआधी मऊ कापडाने गाडी कोरडी करायची. खरे काम हे कापडच करते.

दिवाळीच्या सुट्टीत चेन्नईत पावसाळा असतो. गच्चीवरून पिंपात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा थेंब मी त्याच पत्र्यावर वाळवला. डाग जवळजवळ दिसलाच नाही. ते पाणी मीठ न घालताही सुफेन असते.

बॉनेटवरचे जुने ठिपके व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने बरेचसे गेले. दोन-चार अजून आहेत. बाबा ते मला दर सुट्टीत दाखवतात.