बोटीचे इंजिन अडखळते, तेव्हा धूर पाहा

भंडारदरा, मुळा किंवा नाथसागराच्या पाण्यात बोटीच्या आत बसवलेले डिझेल इंजिन अडखळू लागले, तर आधी धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते; एअर फिल्टर तपासावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल अर्धवट जळते आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे.

दोष अनेकदा इंधनातच असतो. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते. म्हणून आधी फिल्टरमधले पाणी काढावे, मग नळीत अडकलेली हवा. तरीही इंजिन अडखळले, तर मेकॅनिक एकेका इंजेक्टरचा नट सैल करतो. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर बंद पडलेला असतो.

ही तपासणी मात्र स्वतः करू नये. तिथे डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या शंभर पटींहून अधिक असतो. ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण उशीर झाला तर हात गमवावा लागू शकतो. अशा वेळी दुखण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे आणि ‘डिझेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.