मासिकाचे अंतरंग : संगीत मासिकाची अनुक्रमणिका

(मानसरोवर, जयपूर)

मागील लेखांकात मुखपृष्ठाचा विचार झाला; आता ते उलटताच दृष्टीस पडणाऱ्या पानाकडे वळावयाचे. संगीतास वाहिलेल्या मासिकाची अनुक्रमणिका इतर मासिकांच्या अनुक्रमणिकेहून अधिक जबाबदारीची असते, असे माझे मत आहे. कारण कथा-कवितांचा अंक वाचक बहुधा एकदा वाचून बाजूस ठेवतो, परंतु संगीताच्या अंकाचा वाचक तोच अंक कित्येक वर्षांनी, तंबोरा जुळवून झाल्यावर, एखाद्या चिजेच्या विस्मृत अंतऱ्यासाठी पुन्हा कपाटातून काढतो, आणि त्या वेळी त्यास मार्ग दाखविणारे पान हेच एक असते.

हे पान रचताना संपादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो क्रमाचा. संगीताची मांडणी व्यक्तिवार करावी की विषयवार? योगायोग असा की, ज्या शहरात बसून मी हे लिहीत आहे, त्या जयपुराच्या दरबारात या दोन्ही पद्धती नांदत होत्या. राज्याच्या छत्तीस कारखान्यांपैकी गुणिजनखाना हा गवई, बीनकार, नर्तक आदी कलावंतांचा. आणि दरबारातून कोणास काय मानमरातब, काय सिरोपाव मिळाला याची नोंद ‘दस्तूर कौमवार’ नामक दफ्तरात कौमवार व नावनिशीवार होत असे. हे दफ्तर आज बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहे. त्यात कलावंत सापडतो, त्याची कला सापडत नाही. आणि खजिन्याच्या हिशेबास तेवढेच पुरेसे होते.

उलटपक्षी, याच गादीवर १७७८ ते १८०३ पर्यंत असलेल्या सवाई प्रतापसिंहांनी विद्वानांकरवी ‘राधागोविंद संगीतसार’ हा ग्रंथ सिद्ध करविला, त्याची मांडणी सर्वस्वी विषयवार आहे. त्याचे सात अध्याय स्वर, राग, प्रकीर्ण, प्रबंध, ताल, वाद्य व नृत्य यांचे. आणि ही सप्ताध्यायी योजना मूळची आपल्या देवगिरीची, म्हणजे तेराव्या शतकात यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’ची. देवगिरीहून निघालेली ही अनुक्रमणिका पाचशे वर्षांनी जयपुरास पोचली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुणे गायन समाजाने हा जयपुरी ग्रंथ छापून प्रसिद्ध केला तेव्हा पुन्हा महाराष्ट्रात परतली, हा इतिहास मला फार हृद्य वाटतो. ग्रंथाची भाषा बदलते, राजवट बदलते, परंतु विषयांची चांगली विभागणी दीर्घकाळ टिकते, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पाश्चात्त्य संगीत-नियतकालिकांनी बहुतांशी व्यक्तिवार मार्ग पत्करला. सान फ्रान्सिस्कोत १९६७ साली निघालेले ‘रोलिंग स्टोन’ किंवा लंडनचे १९५२ पासूनचे ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ यांचे अलीकडील दशकांतील अंक पाहावेत : माथ्यावर अंकाचे नाव व तारीख, मध्यभागी गायकाचे भले थोरले छायाचित्र व त्यावरच पृष्ठांक, एका बाजूस विशेष लेख, दुसऱ्या बाजूस नित्याची सदरे. लंडनच्या पत्राने तर एका अरुंद स्तंभात अंकात आलेल्या वाद्यवृंदांची वर्णानुक्रमे यादी व पृष्ठांक देण्याचा प्रघात पाडला होता. छायाचित्रांच्या दाटीविषयी माझे मत अनुकूल नाही, परंतु ही नामसूची मात्र आपण अवश्य उचलावी अशी आहे. फक्त आपल्याकडे ती रागांची हवी.

आपल्याकडे हाथरसहून १९३५ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘संगीत’ मासिकाने एकेका थाटास किंवा गीतप्रकारास वाहिलेले विशेषांक काढून विषयवार मांडणीचा पुरस्कार केला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे, १९४७ साली प्रा. बी. आर. देवधर यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेले ‘संगीत कला विहार’ हे आपल्या मराठी वाचकांस अधिक परिचित. त्यातून देवधरांनी थोर गायकवादकांची जी चरित्रे लिहिली, ती वाचण्यासाठी वाचक नावाने शोध घेतो, आणि त्याच मासिकातील बंदिशीसाठी तो रागाने शोध घेतो. सबब एकाच पानावर दोन क्रम नांदविणे हे आपल्या संपादकाचे खरे कसब होय.

बंदिशीच्या नोंदीत काय असावे? नुसते ‘स्वरलिपी, पृष्ठ ३१’ असे छापणे म्हणजे वाचकाची बोळवण करणे होय. राग, ताल, लय, रचनाकार व स्वरलिपीकार हा पाच कलमांचा तपशील तेथे आलाच पाहिजे. रचनाकार व स्वरलिपीकार या दोघांत गल्लत होऊन लिहून घेणाराच कर्ता ठरतो, आणि ज्याने ती चीज बांधली त्याचे नाव लोपते. हा अन्याय अनुक्रमणिकेच्या एका ओळीने टळण्यासारखा आहे.

याहूनही निकडीची बाब म्हणजे स्वरलिपीच्या पद्धतीचा निर्देश. पं. भातखंडे यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील बिंदू तार सप्तक दाखवितो, तर पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत तोच बिंदू त्याच जागी मंद्र सप्तक दाखवितो. मध्यमावरील उभी रेघ भातखंड्यांच्या लेखी तीव्र मध्यम, आणि पलुस्करांच्या लेखी तार सप्तकातील शुद्ध मध्यम. कोमल स्वरास एकाने अधोरेखा दिली, दुसऱ्याने हलन्ताचे चिन्ह. ज्या विद्यार्थ्यास पद्धती ठाऊक नाही, तो यमनातील तीव्र मध्यम सोडून वरच्या षड्जापलीकडचा शुद्ध मध्यम गाऊ लागला, तर दोष त्याचा नव्हे. म्हणून अनुक्रमणिकेच्या तळाशी चिन्हांचा लहानसा तक्ता प्रत्येक अंकात छापावा, असा माझा आग्रह आहे. त्यास चार ओळींहून अधिक जागा लागत नाही.

उरली जुळणी. खिळ्यांच्या छपाईत शीर्षक डावीकडे, पृष्ठांक उजव्या कडेला आणि मधली पोकळी टिंबांच्या रांगेने भरलेली, अशी रीत होती. ती देखणी दिसते, परंतु रुंद पानावर शीर्षक आखूड असले की दृष्टी वाटेत ओळ चुकते. मला पृष्ठांक डावीकडे, शीर्षकाच्या लगत घेणे अधिक सोयीचे वाटते.

वर्षाच्या अखेरच्या अंकात मात्र बारा महिन्यांची एकत्र रागवार सूची असावी आणि तीत महिन्याबरोबर पृष्ठांकही द्यावा; बांधीव खंडात पृष्ठांक सलग चालू ठेवले, तर महिन्याचीही गरज राहत नाही. पृष्ठांकाच्या या सलगपणाचा, आणि त्यामुळे जाहिरातींच्या पानांचे काय करावे याचा विचार पुढील लेखांकात करू.